सोडणापासून सूर्यापर्यंत

नारळ सोलला, सोडण परसात फेकले, सुकले की न्हाणीच्या भाणाखाली सरकवले. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत आणि पलीकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्यापर्यंत बहुतेक घरांत सोडणाचे आयुष्य एवढेच. थोडी भांडी घासायला, थोडी माडाच्या आळ्यात ओल धरायला, बाकीची आगीत. फुकटची वस्तू, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. तो आज मांडू. आधीच सांगून ठेवतो, हा हिशेब संपेपर्यंत सूर्य मागे पडलेला असेल.

काथ्याच्या धंद्यातले सर्वसाधारण गणित असे, की हजार सोडणांतून सुमारे ऐंशी किलो काथ्या निघतो. म्हणजे एका सोडणात ऐंशी ग्रॅम. काथ्याचा तंतू सरासरी पाव मिलिमीटर जाड, वीतभर लांब आणि पाण्यापेक्षा थोडा जड, घनता १.२. एवढी माहिती हाती असली की पुढचे शाळकरी भूमितीचे काम. एक किलो काथ्यातले सगळे तंतू एकापुढे एक ठेवले तर १७ किलोमीटर भरतात. एका नारळाच्या वाट्याला येतात १,३६० मीटर. मोपा विमानतळाची धावपट्टी साडेतीन किलोमीटरची आहे. तीन नारळांच्या सोडणांतला काथ्या त्या धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरून वर उरतो.

आता सगळा गोवा घ्या. राज्यात माडाखाली सुमारे २५ हजार हेक्टर जमीन आहे आणि वर्षाला बारा कोटींच्या वर नारळ उतरतात. (याच माडाला २०१६ साली गोव्याच्या कायद्याने झाडांच्या यादीतून काढून टाकले होते, पुढच्या वर्षी चूक सुधारून त्याला राज्यवृक्षाचा मान दिला. नारळ पाडणारा पाडेली वर चढताना या घडामोडींची वाट पाहत थांबला नसावा.) बारा कोटी सोडणे गुणिले ऐंशी ग्रॅम, म्हणजे ९६ लाख किलो काथ्या. त्याला सतरा किलोमीटरने गुणले की उत्तर येते सोळा कोटी किलोमीटर. पृथ्वीपासून सूर्याचे अंतर पंधरा कोटी. गोव्यातल्या माडांचा एका वर्षाचा काथ्या उलगडून सरळ धरला तर सूर्याला टेकून कोटभर किलोमीटर पलीकडे जातो. आणि आपण त्यावर आंघोळीचे पाणी तापवतो.

आकडा ऐकून छाती फुगली असेल तर डिचोलीत येऊन उभे राहा. २०१०-११ साली, खाणी भरात असताना, गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज परदेशी गेले. रात्र धरून, पाऊस धरून, तासाला सहा हजार टनांच्या आसपास. आपला सूर्यापर्यंत जाणारा काथ्या वजनाने फक्त ९,६०० टन. म्हणजे गोव्याच्या सगळ्या माडांनी वर्षभर राबून जे घडवले, तेवढ्या वजनाचा डोंगर खाणवाले दीड तासात जहाजात भरत होते. डिचोली-साखळीच्या रस्त्यावर टिपरच्या रांगांत अडकलेल्यांना हे पटायला वेळ लागणार नाही. लांबीने अवाढव्य आणि वजनाने किरकोळ, हा काथ्याचा स्वभाव लक्षात ठेवायला हवा, कारण त्याचे पुढचे सगळे रसायनशास्त्र त्यातूनच येते.

एक तंतू घेऊन दोन्ही टोकांनी ओढून पाहा. बोटांना कळते की हा सहज तुटणारा नाही. आधी तो ताणतो, चांगला पंचवीस-तीस टक्के ताणतो, मग तुटतो. काथ्याची ताणशक्ती सुमारे दीडशे मेगापास्कल, म्हणजे चौरस मिलिमीटरला पंधरा किलो. पाव मिलिमीटरच्या एका तंतूवर पाण्याची पाऊण लिटरची बाटली टांगता येते. एका सोडणात असे सहा-सात हजार तंतू. सगळ्यांनी भार सारखा वाटून घेतला तर एका नारळाच्या काथ्यावर पाच टन तोलता येतात, म्हणजे पुरता वाढलेला हत्ती. आणि ती जुडी केवढी? अंगठ्याएवढी जाड. प्रत्यक्षात भार सारखा वाटला जात नाही, कच्चे तंतू आधी हात टेकतात, त्यामुळे कोणी हा प्रयोग हत्तीवर करू नये. तरी वजनामागे वजन लावून पाहिले तर ओढ सोसण्यात काथ्या साध्या पोलादाच्या दुपटीहून सरस ठरतो. ताठपणात मात्र तो सपशेल मागे. पोलादाचा ताठपणा २०० गिगापास्कल, काचतंतूचा सत्तर, तागाचा पंचवीसच्या आसपास आणि काथ्याचा चार ते सहा.

याचे कारण तंतूच्या पोटात आहे. भिंगाखाली काथ्याचा तंतू म्हणजे दोन-तीनशे पोकळ पेशींची मोळी. एकेक पेशी मिलिमीटरभरही लांब नसते. पेशीच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे चक्री जिन्यासारखे गुंडाळलेले असतात आणि पेशीच्या अक्षाशी त्यांचा कोन काथ्यात तीस ते पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. तागात तो आठ अंशांच्या आसपास, जवळजवळ सरळच. सरळ धागा ओढला की लगेच ताठ होतो; पिळातला धागा आधी पीळ सोडतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ सुंभ वळणाऱ्याच्याही आधी माडाने घातलेला असतो.

आणि त्या धाग्यांच्याही आत सेल्युलोजचा रेणू. ग्लुकोजचे मणी एकापुढे एक ओवलेली लांब माळ. एक मणी जवळपास अर्ध्या नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या वीस लाखाव्या हिश्शाएवढा. एक ग्रॅम सेल्युलोजमधल्या सगळ्या माळा जोडून सरळ केल्या तर १९१ कोटी किलोमीटर होतात. काथ्यात सेल्युलोज चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एका सोडणात ३२ ग्रॅम. गुणाकार केला की सहा हजार कोटी किलोमीटरांच्या वर. १९७७ साली सुटलेले आणि आजवर माणसाने सर्वांत दूर धाडलेले व्हॉयेजर-१ हे यान अडीच हजार कोटी किलोमीटरांच्या आसपास पोहोचले आहे. त्याला गाठून परत यायचे तर एका नारळाच्या सोडणातला सेल्युलोज पुरतो. शुद्ध सेल्युलोजच्या स्फटिकाचा लांबीच्या दिशेने मोजलेला ताठपणा १३८ गिगापास्कल आहे, काचेच्या दुप्पट. एवढे सामर्थ्य घरात असूनही काथ्या पायपुसणी, दोर आणि गाद्या यांपलीकडे फारसा गेला नाही.

अडते कुठे, हे पाहायला तंतूच्या सालीशी यावे लागते.

प्लास्टिकमध्ये किंवा पॉलिएस्टर रेझिनमध्ये तंतू घालून जो पदार्थ तयार होतो त्याला कंपोझिट म्हणतात. त्यात भार सोसायचा तंतूने आणि तो भार तंतूपर्यंत पोहोचवायचा भोवतालच्या रेझिनने. दोघांचा सांधा सुटला की तंतू म्हणजे आत अडकलेला कचरा, त्याच्यापेक्षा तो नसलेला बरा. हा सांधा केवढा असतो? एक किलो काथ्याचे एकूण पृष्ठफळ १३ चौरस मीटर. तीस टक्के काथ्या घातलेली एक किलोची फळी घेतली तर तिच्या पोटात चार चौरस मीटरचा सांधा दडलेला असतो, एखाद्या लहान खोलीच्या फरशीएवढा. गोव्याचा वर्षाचा सगळा काथ्या धरला तर त्याची साल पसरून १२८ चौरस किलोमीटर जमीन झाकते. पेडणे तालुक्याचे क्षेत्रफळ अडीचशे चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. अर्धे पेडणे झाकले जाईल एवढी साल, आणि चिकटायचे तर तिच्या प्रत्येक कणावर.

ती साल चिकटू देत नाही. काथ्यावर मेण, पेक्टिन, तेलकट द्रव्ये यांचा थर असतो. खोबरेल चोपडलेल्या केसांवरून पाणी ओघळावे तसे रेझिन त्यावरून ओघळते. त्या थराखालची अडचण उलट्या जातीची. सेल्युलोजच्या प्रत्येक मण्याला तीन हायड्रॉक्सिल गट असतात आणि त्यांना पाण्याची भयंकर ओढ. एका ग्रॅममध्ये किती? ११ वर एकवीस शून्ये. आपल्या जुन्या मोजणीत परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. तसे एक लाखाहून जास्त परार्ध. मोरजीचा किनारा तीन किलोमीटर लांब, पन्नास मीटर रुंद आणि मीटरभर खोल धरून त्यातला वाळूचा कण न् कण मोजला, तर असे सोळा-सतरा लाख किनारे मिळून त्या एका ग्रॅमची बरोबरी करतील. या गटांना पाणी हवे आणि पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लास्टिकला पाण्याचे वावडे. दोघांना एका साच्यात दाबले म्हणून संसार होत नाही. त्यात आपल्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटर. जुलैच्या हवेत काथ्या आपल्या वजनाच्या दहा टक्के ओल सहज धरून बसतो, आणि १८० अंशांवर वितळलेल्या प्लास्टिकमध्ये ती ओल गेली की तिची वाफ होऊन फळीत फुगे येतात.

यावरचा पहिला उपाय माणसाने रसायनशास्त्र शिकण्याच्या कितीतरी आधी शोधला होता. सोडणे खाडीच्या चिखलात सहा ते दहा महिने पुरून ठेवायची. तिथले जिवाणू पेक्टिन खाऊन टाकतात, तंतू सुटे होतात. वास असा येतो की त्या वाटेने पाहुणे येत नाहीत, आणि खाडीच्या पाण्यातला प्राणवायू खलास होऊन मासे मरतात ते वेगळेच. पण काथ्याचे काम होते.

दुसरा उपाय १८४४ साली इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये अपघाताने सापडला. जॉन मर्सर नावाचा कापड छपाईतला माणूस कॉस्टिक सोड्याचे दाट पाणी सुती फडक्यातून गाळत होता. फडके आकसले, जाड झाले, अर्धपारदर्शक झाले. दुसऱ्याने ते फेकून दिले असते; मर्सरने सहा वर्षांनी, १८५० मध्ये, त्यावर पेटंट घेतले. ‘मर्सराइज्ड’ असा छाप असलेले धोतर किंवा शिवणदोरा ज्यांनी वापरला आहे त्यांना हे नाव ठाऊक आहे. सोड्याने सेल्युलोजच्या माळा फुगतात, सुटतात आणि नव्या रचनेत बसतात. तोच सोडा, बराच पातळ करून, काथ्याला लावायचा.

हे काम आपल्या देशात नीट मोजून केले ते तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत. एस. व्ही. प्रसाद, सी. पवित्रन आणि पी. के. रोहतगी यांचा निबंध १९८३ सालचा. पाच टक्के कॉस्टिक सोड्याचे पाणी, तापमान २८ अंश, वेळ ७२ ते ७६ तास. तापमानाचा आकडा वाचून कोणाही गोवेकराला हसू येईल, कारण ते पेडण्याच्या पडवीचे रोजचे तापमान आहे. भट्टी नको, बॉयलर नको. एवढ्या भिजवणीने तंतूची ताकद १५ टक्क्यांनी वाढली. त्याहून जास्त वेळ ठेवला तर हळूहळू कमी होत गेली, कारण मग सोडा नको ते खाऊ लागतो. पंधरा टक्के म्हणजे काही फार नाही. खरा आकडा पुढचा आहे. तंतू रेझिनपासून सुटायला लागणारा ताण ९० टक्क्यांनी वाढला. तंतू होता तोच, सांधा जवळपास दुप्पट झाला, आणि त्या काथ्याची केलेली फळी वाकवून, ठोकून पाहिली तर बिनधुतल्या काथ्याच्या फळीपेक्षा ४० टक्के सरस निघाली.

भिंगाखाली कारण दिसते. काथ्याच्या अंगावर ठरावीक अंतराने ओळीने बारीक खळगे असतात आणि प्रत्येक खळग्यात सिलिका असलेली एक गोल गाठ बूच मारल्यासारखी बसलेली असते. सोड्याच्या पाण्यात मेण विरघळते, पेक्टिन जाते, वरवरचे लिग्निन (लाकडाला ताठपणा देणारे द्रव्य) थोडे सुटते आणि या गाठीही निघून येतात. मागे राहतो खळग्याखळग्यांचा खडबडीत तंतू. द्रव रेझिन त्या खळग्यांत शिरते आणि तिथेच घट्ट होते. मग तंतू ओढून काढायचा तर शेकडो खुंट्या मोडाव्या लागतात.

याचा हिशेब इंजिनिअर लोक ‘किमान लांबी’ काढून करतात: रेझिनमध्ये रुतलेला तंतू किती लांब असला म्हणजे तो निसटण्याऐवजी तुटेल. सांध्याची पकड दीड मेगापास्कल आहे असे धरा. मग पाव मिलिमीटरच्या काथ्याचा तुकडा साडेबारा मिलिमीटरचा, अर्ध्या इंचाचा हवा. पकड ९० टक्क्यांनी वाढली की साडेसहा मिलिमीटरचा तुकडाही चालतो. म्हणजे गिरणीच्या तळाशी उरणारा बारीक चुरा, जो एरवी उकिरड्यावर जातो, तोही कामाला येतो. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत व्यवहारी आकडा हाच.

पाच टक्के सोड्याचे पाणी किती तिखट, याची कल्पना असावी. समुद्राचे पाणीही किंचित अल्कधर्मी असते. सोड्याचे हे पाणी मोरजीच्या समुद्रापेक्षा दहा लाख पटींनी अल्कधर्मी. हातमोजे आणि चष्मा यांच्याशिवाय जवळ जायचे नाही, आणि सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचे नाही, नाहीतर ते उकळून अंगावर येते.

सोड्यानंतर हवे असेल तर दुसरा हात देता येतो. सिलेन जातीचे रसायन एका बाजूने सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांशी बांधले जाते आणि दुसऱ्या बाजूने रेझिनशी. दोन्ही घरांशी नाते असलेला मध्यस्थ म्हणा. नेहमीच्या वापरातले अमिनो सिलेन एकेका रेणूच्या जाडीने पसरले तर एका ग्रॅममध्ये ३५३ चौरस मीटर झाकते, पूर्ण टेनिस कोर्टापेक्षाही जास्त. मघाची अर्धे पेडणे झाकणारी साल आठवा. कागदावरच्या हिशेबाने तिच्यावर एका रेणूचा थर चढवायला साडेतीनशे-चारशे किलो सिलेन बस्स झाले. एका पिकअपमध्ये मावेल. कागद आणि टाके यांत फरक असतो. काथ्या सच्छिद्र, खडबडीत. सिलेन स्वतःच्याच गोळ्या करून बसते. त्यामुळे खर्च कितीतरी पटींनी वाढतो. पॉलिप्रॉपिलीनची फळी करायची असेल तर मॅलेइक अनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन थोड्या टक्क्यांत मिसळणे जास्त सोपे, असे या कामातले लोक सांगतात, आणि मलाही तेच शहाणपणाचे वाटते.

हे सगळे प्रयोगशाळेपुरतेच आहे असे समजू नये. पूर्व जर्मनीत १९५७ पासून १९९१ पर्यंत ट्रॅबंट नावाची गाडी बनत होती. तिच्या अंगाचे पत्रे पत्र्याचे नव्हतेच. कापसाचा टाकाऊ तंतू फेनॉल रेझिनमध्ये दाबून ते केलेले. अशा तीस लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या. लोकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. ब्राझीलमध्ये नारळाचा काथ्या आणि रबराचा चीक यांच्या गाद्या मर्सिडीजच्या ट्रकांत बसवल्या गेल्या, आणि तिथले माड काही आपल्यापेक्षा वेगळा काथ्या देत नाहीत.

गोव्याला तर तंतू आणि रेझिन यांचे नाते नवे नाहीच. दिवाडीवरच्या गोदीत बांधलेली ‘तारिणी’ ही नौदलाची शिडाची नौका काचतंतू, इपॉक्सी आणि लाकूड यांची आहे. १० सप्टेंबर २०१७ रोजी ती गोव्याहून निघाली, सहा महिला अधिकाऱ्यांनी ती २१,६०० सागरी मैल हाकली आणि २५४ दिवसांनी पृथ्वीला फेरी घालून परत आणली. दुसरे टोक ‘कौंडिण्य’. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून बेतलेले हे जहाजही गोव्यातच बांधले. त्यात लोखंडी खिळे नाहीत. बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या केरळी कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या आणि सांधे काथ्या, राळ व तेल यांनी बुजवले. नौदलाने ते २१ मे २०२५ रोजी कारवारला दाखल करून घेतले. वनस्पतीचा तंतू आणि झाडाची राळ, यालाच शुद्ध भाषेत नैसर्गिक कंपोझिट म्हणता येईल. किनाऱ्यावर रांपण ओढणाऱ्या मच्छीमारांच्या जुन्या होड्याही अशाच शिवलेल्या असत. ‘कौंडिण्य’चा काथ्या आणि ‘तारिणी’चे रेझिन यांच्या मधली जागा राज्यात अजून रिकामी आहे.

मग बारा कोटी सोडणांवर सोडा ओतायचा का? इथे मोठे आकडे उलटतात. तंतूच्या वजनाच्या वीसपट द्रावण, हे भिजवणीचे नेहमीचे प्रमाण. ९,६०० टन काथ्याला १९ कोटी लिटर सोड्याचे पाणी लागेल. त्यात कॉस्टिक सोडा तितकाच, ९,६०० टन. पेडण्याला पाणी पुरवणाऱ्या चांदेलच्या प्रकल्पाची मूळ क्षमता दिवसाला दीड कोटी लिटर. म्हणजे सगळ्या तालुक्याने तेरा दिवस नळ बंद ठेवायचे. हे झाले नुसते भिजवणीचे. त्यानंतर तंतू उदासीन होईपर्यंत धुवायचा, त्याला निदान तिप्पट पाणी. आणि मागे उरते तपकिरी, सोडामिश्रित, लिग्निनने भरलेले पाणी. शापोरा किंवा तेरेखोल नदीत ते सोडायचे नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. खाणींचे लाल पाणी शेतात आलेले डिचोलीकरांनी पाहिले आहे.

म्हणून माझे मत असे की या व्यवहारात गोव्याने सूर्यापर्यंत जाण्याचा हट्ट धरू नये. शंभरातले एक सोडण घ्यावे. बारा लाख सोडणे वर्षाला, रोजची तेहतीसशे. त्यांतून रोज २६० किलो काथ्या निघेल. तीन दिवस भिजवायचा तर सोळा हजार लिटरचे टाके हवे, चार मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर खोल. सोड्याचे द्रावण प्रत्येक वेळी फेकायचे कारण नाही. तंतू त्यातला काही भागच खर्च करतो, तेवढी भर घालून तेच पुन्हा वापरता येते. शेवटी साचलेल्या पाण्यात ते आम्लधर्मी होईपर्यंत आम्ल घातले की त्यातले बरेचसे लिग्निन तळाशी बसते. काहीही परत न वापरता, धुण्यासकट, रोजचे पाणी २१ हजार लिटर होते. दहा हजारांचे दोन टँकर. वर्षाचा माल ९६ टन प्रक्रिया केलेला काथ्या. तीस टक्के भरणीने ३२० टन कंपोझिट. म्हणजे आठ बाय चारच्या, बारा मिलिमीटर जाडीच्या नऊ हजार फळ्या. त्या छतांना, दारांना, होडीच्या आतल्या तळाला, टेंपोच्या हौद्याला चालतील. तुळया आणि खांब त्यांचे करू नयेत. काथ्या ताठ नाही, हे वर आलेच आहे.

अशा कारखान्याला पेडण्यातल्या तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतले एक शेड पुरते. सोडा बाजारात मिळतो, २८ अंशांची हवा आयती आहे, प्रक्रिया १९८३ पासून छापलेली आहे. नाही ती एकच गोष्ट: घराघरांतून, देवळांतून, शहाळेवाल्यांकडून आणि खोबरे सुकवणाऱ्यांकडून रोज तेहतीसशे सोडणे उचलून आणणारा टेंपो. ज्या पंचायतीला काही करून दाखवायचे असेल तिने टाक्याच्या आधी तो टेंपो सुरू करावा.